दोन बैठकांची डीव्हीडी

आमचे हे कशावर म्हणून विश्वास ठेवत नसत. कोऱ्या सीडीवर नाही, तिच्या डब्यावर छापलेल्या कंपनीच्या नावावर नाही, आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवून सॉफ्टवेअर ‘झालं’ म्हणालं तरी त्याच्यावरही नाही. माझं तसं नाही. वस्तूंना बिचाऱ्यांना मी काही म्हणत नाही. माझा संशय माणसांवर. काट्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसणारा दुकानदार, फार गोड बोलणारी शेजारीण, न बोलावता मदतीला धावणारा कुणीही, यांना बघितलं की मला पहिल्या भेटीतच वाटतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि बहुतेक वेळा मुरत असतंच, हे आधीच सांगून ठेवते. आमची लेक म्हणायची, "तुम्ही दोघं चुकून संसाराला लागलात. पोलिसात जायला हवं होतं."

ह्यांचं दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक अरुंद खोली. समोर काउंटर, मागे टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीला लागून कोऱ्या सीडी-डीव्हीडींचे गठ्ठे. समारंभांचे व्हिडिओ, शाळेचे कार्यक्रम, कोर्टात द्यायच्या प्रती, जुन्या कॅसेटवरचं काढून सीडीवर उतरवून देणं, असली कामं. "हल्ली कोण सीडी वापरतं हो?" असं कुणी विचारलं की हे शांतपणे म्हणायचे, "तुम्ही आलात ना?" तेवढ्यावर विषय संपायचा.

गिऱ्हाइकाची मात्र धडगत नसे. माणूस आला, म्हणाला एक प्रत करून द्या, की ह्यांची उलटतपासणी सुरू. घरी प्लेअर कोणता? किती जुना? गाडीत लावणार की टीव्हीला? स्थळ बघायला आलेल्या मामाने मुलाची चौकशी करावी तशी. कारण डीव्हीडी दोन प्रकारच्या असतात, एक प्लस आणि एक मायनस. दिसायला जुळ्या बहिणी. पण काही जुन्या प्लेअरना एकच मानवते, दुसरी घातली की नुसतं घुर्र घुर्र करतात आणि बाहेर ढकलतात. गिऱ्हाईक मग आपल्या प्लेअरला शिव्या देत नाही, ह्यांना देतं. म्हणून आधीच विचारलेलं बरं.

विचारून समाधान होत असतं तर ते आमचे हे कसले! दुकानात त्यांनी तीन यंत्रं ठेवली होती. एक अगदी जुनाट, एक मधलं, एक नवं. मी त्यांना सासरे, नवरा आणि जावई म्हणायचे. नवा गठ्ठा आला की त्यातली एक सीडी भरायची आणि तिघांकडे फिरवायची. जावयाला सगळंच चालायचं. नवऱ्याला बहुतेक चालायचं. सासरे मात्र नाकाने कांदे सोलायचे. सासऱ्यांनी पसंत केली तरच तो गठ्ठा विकायला बाहेर. एकदा चांगल्या नावाच्या डब्यात भलत्याच कारखान्याचा माल निघाला, सॉफ्टवेअरने आतली खूण वाचून दाखवली. हे अख्खा डबा घेऊन घाऊक व्यापाऱ्याकडे गेले आणि परत देऊन आले. भरायचं तेसुद्धा हळू. सॉफ्टवेअर म्हणायचं, झटक्यात उरकू या. हे वेग कमी करायचे, आणि भरून झालं की पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून घ्यायचे. गिऱ्हाईक तोवर उभं. गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं, तपासनीस.

मी दुपारची दुकानात बसायचे, म्हणून मलाही त्यातलं थोडंफार कळायला लागलं. एकदा गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. हातात आधी भरलेली डीव्हीडी. म्हणाल्या, "यात अर्धी जागा शिल्लक आहे. या वर्षीचा कार्यक्रम उरलेल्या जागेत टाका. नवीन कशाला?"

"नाही टाकणार," हे म्हणाले.

"अहो, पण जागा आहे ना?"

"जागा आहे, पण ते दोन बैठकांत लिहिलेलं होईल. काही मशीनना पहिल्या बैठकीचंच दिसतं, काहींना शेवटचंच. तुमच्या घरी एक कार्यक्रम दिसेल आणि व्याह्यांकडे दुसराच. मग तुम्ही मला विचाराल, आमची गाणी कुठे गेली. मी असलं काम करत नाही."

बाईंना वाटलं, नवी डीव्हीडी खपवायची म्हणून हा माणूस थापा मारतोय. रागाने निघून गेल्या. मला त्यांचा राग पटला. मीही तसंच म्हटलं असतं.

तर असा हा माणूस. त्यांना गेल्या वर्षी खोकला धरला होता. डॉक्टरांनी छातीचा स्कॅन करायला लावला, तो स्वच्छ निघाला, औषध घेतलं, बरं वाटलं. या वर्षी खोकला परत आला, आणि या वेळी अंगही उतरलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडायला लागली. पुन्हा स्कॅन केला आणि जुन्या-नव्या दोन्ही स्कॅनच्या डीव्हीडी घेऊन आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

तिथला डॉक्टर तरुण. चकचकीत बूट, चकचकीत टेबल. त्याने एकामागून एक दोन्ही डीव्हीडी कॉम्प्युटरात घातल्या, पडद्यावर छातीची काळीपांढरी चित्रं सरकवली आणि एका ठिकाणी थांबला. "इथे गाठ आहे," म्हणाला. "गेल्या वर्षी नव्हती. आज लहान आहे. काढून टाकू. महिनाभरात करू या, वेळ आहे. पण त्याहून जास्त थांबू नका. थांबलात तर पसरेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

हे सगळं तो हसतमुखाने म्हणाला. झालं! माझ्या डोक्यात घंटाच वाजली. एवढं वाईट सांगताना माणूस हसतो कसा? बाहेर आल्याआल्या मी सुरू केलं. "एवढी इमारत बांधलीय, ती कुणाच्या तरी छातीतूनच फेडायची ना? खोकल्यासाठी आलेल्या माणसाला थेट कापायला निघाले! मेल्याचे बूट बघितलेत?"

एरवी मी माणसांवर संशय घेतला की हे मला गप्प करायचे. म्हणायचे, तुला सगळं जगच चोर दिसतं. त्या दिवशी मात्र पायऱ्या उतरताना म्हणाले, "तुझं बरोबर आहे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या."

आमच्या अख्ख्या संसारात ‘तुझं बरोबर आहे’ हे शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मला एवढा आनंद झाला की मी रिक्षात बसेपर्यंत त्या डॉक्टरचा उद्धार करत राहिले.

दुसरा डॉक्टर शोधायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. दुकानात बसून एकेका दवाखान्यात फोन लावत होते. मी शेजारीच होते. भेटीची वेळ, फी, सगळं विचारून झालं की शेवटी म्हणायचे, "आणि हो, स्कॅन डीव्हीडीवर आहे. तुमच्याकडे कॉम्प्युटर कोणता आहे? किती वर्षांचा?" पलीकडच्या पोरी बुचकळ्यात पडत असतील. मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "अहो, डॉक्टरची डिग्री विचारा, कॉम्प्युटरचं वय काय विचारता!" ते म्हणाले, "डीव्हीडी चाललीच नाही तर डिग्री घेऊन काय करायचं?" मला पटलं. हा माणूस फुलांचा गुच्छ पाठवायचा असता तरी पलीकडे कुठली फुलदाणी आहे ते विचारणार.

शेवटी एक म्हातारे डॉक्टर ठरले. जुन्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर दवाखाना, घाई नाही, झगमगाट नाही. मला ऐकूनच बरं वाटलं. जायच्या आधी हे म्हणाले, "मूळ डीव्हीडी घेऊन फिरायची नाही, ओरखडा पडला तर संपलं. मी प्रत करतो." ते तर ह्यांचं नेहमीचंच. मग म्हणाले, "आणि तो कागदावरचा रिपोर्ट द्यायचा नाही. पहिल्याने काय लिहिलंय ते वाचलं की दुसरा तेच सांगतो. यांना कोऱ्या मनाने बघू दे."

काय सांगू, मला नवऱ्याचं इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, आता कुठे हा माणूस माझ्या वळणावर आला. रिपोर्ट मी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिला.

तरी मी मी आहे. आणलेली प्रत लेकीच्या नव्या कॉम्प्युटरवर घालून बघितली. म्हटलं, गडबडीत गेल्या वर्षीची यायची. पण नाही. कोपऱ्यात ह्यांचं नाव, वय, आणि तारीख याच महिन्याची. लेक म्हणाली, "आई, बाबांनी केलेली प्रतसुद्धा तपासतेस?" मी म्हटलं, "तुझे बाबा चुकायचे नाहीत, पण आपण बघितलेलं काय वाईट?" मग ती डीव्हीडी मी माझ्या पर्समध्ये ठेवली आणि पर्स काखेतून सोडली नाही. वाटेत कुणी बदलू नये म्हणून. हसू नका, दवाखान्यांतून काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी डीव्हीडी घातली. त्यांचा कॉम्प्युटर दम लागल्यासारखा घरघरला आणि बराच वेळ काही दिसेना. मग चित्रं आली. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, एकेक चित्र निवांत बघितलं. "कधीचा हा?" त्यांनी विचारलं. "हल्लीचाच," हे म्हणाले आणि खोकले. डॉक्टर आणखी बघत राहिले, आणि मग खुर्ची वळवून म्हणाले, "मला तरी यात काही दिसत नाही. छाती स्वच्छ आहे. हवा बदलली की होतं असं. औषध देतो."

मी तिथेच डोळ्यांना पदर लावला. ह्यांच्याकडे बघितलं तर ते खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि डॉक्टरांकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "परत सांगा."

"काय?"

"आता म्हणालात ते."

डॉक्टर हसले. "छाती स्वच्छ आहे तुमची. जा, काम करा."

परत येताना ह्यांनी मला नवीन चपला घेऊन दिल्या. जुन्या अजून चालतील असं महिनोन् महिने मला सांगणारा माणूस दुकानात शिरून म्हणाला, "जरा चांगल्या दाखवा." मग आमचे फार छान दिवस गेले. हे शीळ घालत दुकानात जायचे, पोटभर जेवायचे, लेकीला जुने किस्से सांगायचे. खोकला होता, पण तो आला की हे स्वतःच म्हणायचे, "हवा बदलतेय." मीही म्हणायचे, हवा बदलतेय.

फक्त त्या हॉस्पिटलातून फोन येत होते. कधी येताय? तारीख ठरवू का? डॉक्टरसाहेब विचारत आहेत. हे फोन उचलायचे, "कळवतो" म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटायचं, गिऱ्हाईक सुटलं म्हणून हात चोळत बसलेत. एक दिवस फोन मीच उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, महिना होऊन गेला. डॉक्टर म्हणतात, एकदा तरी येऊन जा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, येतेच. चांगली येते.

ह्यांना काही न सांगता मी डीव्हीडी पर्समध्ये टाकली आणि नव्या चपला घालून निघाले.

त्या तरुण डॉक्टरच्या खोलीत मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सुनावलं. "धडधाकट माणसाला कापायला निघाला होतात! दुसऱ्या डॉक्टरांनी हीच डीव्हीडी बघितली. काही नाही म्हणाले. ही घ्या, घाला आणि दाखवा मला तुमची गाठ!"

तो चिडला नाही. डीव्हीडी घेतली, घातली, पडदा माझ्याकडे वळवला. ती गाठ तिथेच होती. त्याने बोट ठेवलं.

"हे चित्र तुमच्या कॉम्प्युटरात आधीपासून भरलेलं असेल," मी म्हटलं.

त्याने डीव्हीडी बाहेर काढली. मग उठला, मला बाहेर फोन घेणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी नेलं आणि तिच्या कॉम्प्युटरात माझ्याच हाताने डीव्हीडी घालायला लावली. पुन्हा तेच. नाव ह्यांचं. तारीखही मी घरी बघितली होती तीच. मी त्या मुलीच्या खुर्चीत बसले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "असेल गाठ. पण अजून वेळ आहे ना?"

या वेळी तो हसला नाही. "काकू, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी वेळ आहे म्हणालो होतो. आज म्हणता येत नाही. पसरलीय की नाही ते नवा स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. त्यांना घेऊन या. आजच आणा."

हा मुलगा मला खरं सांगतोय, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला गोड बोलता येत होतं आणि तो बोलला नव्हता.

म्हणजे चोर तो म्हातारा! आंधळा असेल, नाहीतर झोपेत बघितलं असेल. मी तशीच जुन्या बाजारात गेले, जिना चढले आणि त्यांच्या पुढ्यात डीव्हीडी आपटली. "परत बघा. गाठ आहे त्यात. तुम्हाला दिसली कशी नाही?"

बिचारे घाबरले. डीव्हीडी घातली. कॉम्प्युटर घरघरला. चित्रं आली, त्यांनी मला एकेक दाखवलं. गाठ नव्हती. जिथे त्या मुलाने बोट ठेवलं होतं, तिथे काहीच नव्हतं. मी वाकून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. नाव ह्यांचंच. तारीख गेल्या वर्षीची.

"बाई, हा जुना स्कॅन आहे," डॉक्टर म्हणाले. "मी तारीख बघायला हवी होती. पण तुम्ही मला हीच दिली होतीत ना?"

"हीच," मी म्हटलं.

मी जिन्यात येऊन उभी राहिले. डीव्हीडी एकच. घरी नवी, इथे जुनी. कुणी बदलली म्हणावं तर ती माझ्या काखेतून हलली नव्हती. मग ते घरघरणं माझ्या कानात पुन्हा वाजलं. ते मी रोज दुपारी ऐकत होते. आमच्या दुकानातले सासरे असेच घरघरतात. आणि सासऱ्यांना दोन बैठकांतली पहिलीच बैठक दिसते. गाण्याच्या बाईंना ह्यांनी हेच तर सांगितलं होतं! कॉम्प्युटर किती जुना आहे, म्हणून या माणसाने सगळ्या दवाखान्यांत विचारलं, आणि मी शेजारी बसून हसत होते. हा डॉक्टर त्यांनी निवडलाच नव्हता. त्याचं मशीन निवडलं होतं. मी गावभर चोर शोधत फिरले, आणि इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दुकानात गेले तेव्हा काउंटरवर एक गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, "उद्या या." ते माझं तोंड बघून गेलंच. हे काही बोलणार तेवढ्यात मी डीव्हीडी सासऱ्यांना दिली. गेल्या वर्षीची छाती. मग काढून जावयाला दिली आणि भरायचं सॉफ्टवेअर उघडलं. इतर ठिकाणी दिसत नाही ते तिथे दिसतं. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली बैठक, दुसरी बैठक. दोन्हींपुढे तारखा. मी पडदा ह्यांच्याकडे वळवला.

"हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "दोन बैठका," म्हणाले.

"तुम्ही असलं काम करत नाही ना?"

"नाही करत."

"मग हे कुणी केलं?"

ते स्टुलावर बसले. खोकला आला, तो संपेपर्यंत मी उभी राहिले. पाणीही दिलं नाही, एवढा राग आला होता मला.

"तुला म्हटलं असतं, मला ऑपरेशन नको, तर ऐकलं असतंस?"

"मुळीच नाही. फरफटत नेलं असतं."

"म्हणून ते डॉक्टरच्या तोंडून यायला हवं होतं. आणि नुसती जुनी डीव्हीडी नेली असती तर तू घरीच पकडलं असतंस. तू तारीख बघणार हे मला माहीत होतं."

माझा संशयसुद्धा ह्यांनी हिशोबात धरला होता! मी ओरडलेच, "म्हणजे मला फसवायला एवढा उद्योग? गोगलगाय नि पोटात पाय! अहो, मी तुम्हाला मारून टाकलं असतं का? मरायला तुम्ही निघाला होतात!"

ते खाली बघत होते. काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत होते, नसलेली धूळ पुसत होते.

"आधी तेवढंच होतं," ते म्हणाले. "तुला फसवायचं आणि ऑपरेशन टाळायचं. भीती वाटते गं मला. त्या टेबलावर झोपायचं, आणि मग आपल्याला काहीच कळणार नाही, दुसरं कुणीतरी आत हात घालणार. विचारानेच माझे हातपाय गार पडतात. पण मग ते डॉक्टर म्हणाले ना, छाती स्वच्छ आहे..." त्यांनी काचेवरचं बोट थांबवलं. "मला खरं वाटलं."

"तुम्हीच बनवलेली डीव्हीडी ना ती?"

"मीच बनवलेली. माहीत होतं ना मला. तरी खरं वाटलं. एका तरी डॉक्टरने म्हणावं, काही नाही, तुम्ही जा, काम करा. तो म्हणाला. मग रोज सकाळी उठून मी स्वतःला तेच सांगायचो. भूक लागायची मला. तुला वाटतं मी तुझ्यासमोर नाटक करत होतो? नाटक नव्हतं ते."

मला ते शीळ घालणं आठवलं, आणि चपला. या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, त्यांना पोटाशी धरून तिथेच बसून राहावं आणि जगाला आत येऊ देऊ नये. मी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांचा शर्ट खांद्यावरून घसरला होता, तो सारखा केला. हाडं हाताला लागली.

"उठा," मी म्हटलं. "आत्ता जायचं. मी जाऊन आलेय त्यांच्याकडे. त्या मुलाला चोर म्हणून आले, त्याची माफी मागायचीय मला. उठा."

ते उठले. भरदिवसा दुकान बंद करायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. शटर अर्ध्यावर अडकलं, दोघांनी मिळून ओढलं. मी वाकून कुलूप लावत होते, तेव्हा माझ्या डोक्यावरून त्यांचा आवाज आला. अगदी हळू.

"काय म्हणाले ते डॉक्टर? उशीर झाला का?"

किल्ली कुलपात फिरेना. मी ती काढली, पुन्हा घातली, फिरवली. मग उभी राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही. वेळ आहे म्हणाले."

"खरंच?"

"खरंच. पुष्कळ वेळ आहे म्हणाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, कोणत्या शब्दांत म्हणाले, कशावरून म्हणाले, डॉक्टरांना फोन लाव आणि मला ऐकव. त्यांनी काही विचारलं नाही. "मग चल," एवढंच म्हणाले, आणि माझ्या हातातली पर्स घेऊन भराभर पुढे चालायला लागले. मी डोळे पुसून होईपर्यंत दोन पावलं मागेच राहिले.